नोंद, छपाई आणि पाठपुरावा : ‘इंडियन जर्नल ऑफ पॅलिएटिव्ह केअर’ची वाटचाल

मार्च १९९४ मध्ये अहमदाबादला ‘इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर’ या संस्थेची नोंदणी झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि केंद्र सरकार यांच्याशी विचारविनिमय करून स्थापन झालेली ही अखिल भारतीय संघटना. नावात अख्खा देश असला तरी या कामात उतरलेली माणसे तेव्हा मोजकीच होती. कोणी भूलतज्ज्ञ, कोणी रेडिएशनचे डॉक्टर, कोणी कर्करोगाचे सर्जन. नेमून दिलेले काम सांभाळून, बरे न होणाऱ्या रुग्णाच्या वेदना कमी करण्याचे काम, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर, ते उरल्यासुरल्या वेळात करीत. अशा संघटनेने अगदी सुरुवातीलाच जी गोष्ट अंगावर घेतली ती म्हणजे स्वतःचे नियतकालिक. तेच हे ‘इंडियन जर्नल ऑफ पॅलिएटिव्ह केअर’.

संस्थेचा इतिहास म्हटला की इमारत, देणगीदार, उद्घाटने आणि पदाधिकाऱ्यांची यादी असा एक ठरलेला साचा असतो. नियतकालिकाच्या वाट्याला यातले फारसे काही येत नाही. त्याने काय छापले, कोणासाठी छापले आणि छापल्यावर पुढे काय झाले, यातच त्याचा इतिहास शोधावा लागतो. म्हणून या लेखात अध्यक्ष-चिटणीस फारसे भेटणार नाहीत. लेख भेटतील, आणि त्यातले काही या नियतकालिकाबाहेरचेही असतील. कारण बाहेर काय छापून येत होते हे सांगितल्याशिवाय आपल्या घरी काय छापायला हवे होते, ते कळत नाही.

नियतकालिक निघाले तेव्हा देशात या कामाची स्थिती काय होती? १९८४ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रमाची फेरआखणी झाली आणि वेदनाशमन ही प्राथमिक आरोग्यसेवेच्या पातळीवर मिळायला हवी अशी मूलभूत सेवा आहे, असे त्यात नमूद झाले. कागदावर. १९८६ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयातले सर्जन डॉ. लुईस डिसोझा यांनी मुंबईत वांद्र्याला ‘शांती आवेदना’ हे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारे देशातले पहिले हॉस्पिस उघडले. पुढे गोव्यात लोटलीला आणि दिल्लीलाही त्याच्या शाखा निघाल्या. त्याच सुमारास त्रिवेंद्रमचे प्रादेशिक कर्करोग केंद्र आणि बंगळुरूची किदवई संस्था इथे पेन क्लिनिक सुरू झाली. १९९३ मध्ये कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी’ काढली. आणखी दोन-चार नावे घेता येतील, पण यादी लांबत नाही.

या सेवेचे आणि छापील पानाचे नाते मात्र जुने आहे. सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका, आणि १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. लंडनचे त्यांचे सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले १९६७ मध्ये. पण त्याच्या आठ वर्षे आधी, १९५९ मध्ये, ‘नर्सिंग टाइम्स’मध्ये त्यांची मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेवरची लेखमाला येऊन गेली होती. लेखमाला आधी, इमारत नंतर. आणि ती आली परिचारिकांच्या नियतकालिकात. आज या विषयावरच्या नियतकालिकांची लेखकसूची चाळली की डॉक्टरांचीच नावे ओळीने दिसतात. तेव्हा सुरुवात कुठून झाली होती, याची आठवण असलेली बरी.

पुढची गोष्ट मॉर्फीनची. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या वेदनांवर इंग्लंडमध्ये ‘ब्रॉम्प्टन कॉकटेल’ नावाचे मिश्रण दिले जाई. त्यात मॉर्फीन किंवा हेरॉइन, कोकेन, मद्य असा सगळा सरंजाम. त्यावर डॉक्टरांची श्रद्धा होती, आणि हेरॉइन मॉर्फीनपेक्षा सरस असते ही तर पक्की समजूत. सेंट क्रिस्टोफर्समध्ये रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी ती तपासायला घेतली. १९७७ मध्ये ‘पेन’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला : तोंडावाटे दिल्यास दोन्हींत रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा असा फरक नाही. दोन वर्षांनी मॉन्ट्रिअलच्या मेलझॅक, माउंट आणि गॉर्डन यांनी कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात दाखवून दिले, की ते कॉकटेल आणि मॉर्फीनचे साधे द्रावण यांचा परिणाम सारखाच होतो.

कालिकतच्या किंवा परळच्या रुग्णाला याचे काय? भारतात हेरॉइन औषध म्हणून मिळत नाही आणि मिळण्याची शक्यताही नव्हती. उत्तम वेदनाशमन हेरॉइनशिवाय होत नाही ही समजूत टिकली असती, तर आपल्या डॉक्टरांनी हात जोडून बसण्यापलीकडे काही केले नसते. साध्या, स्वस्त, तोंडावाटे घ्यायच्या मॉर्फीनवर भागते हे छापून सिद्ध झाले, आणि त्याच पायावर १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांसाठी तीन पायऱ्यांची उपचारपद्धती जाहीर केली. आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, मग कोडीनसारखी, मग मॉर्फीन. औषध तोंडाने द्यायचे आणि घड्याळ बघून द्यायचे. वेदना पुन्हा उसळण्याची वाट पाहत बसायचे नाही. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरलाही झेपेल इतके ते सोपे होते.

या काळात या विषयाची स्वतंत्र नियतकालिके एकापाठोपाठ निघाली. १९८५ मध्ये कॅनडात ‘जर्नल ऑफ पॅलिएटिव्ह केअर’, १९८६ मध्ये अमेरिकेत ‘जर्नल ऑफ पेन अँड सिम्प्टम मॅनेजमेंट’, १९८७ मध्ये ब्रिटनमध्ये ‘पॅलिएटिव्ह मेडिसिन’. डेरेक डॉयल हे या तिसऱ्याचे पहिले संपादक. त्याच वर्षी ब्रिटनने या विषयाला स्वतंत्र वैद्यकीय शाखा म्हणून मान्यता दिली. हा योग निव्वळ योगायोगाचा नसावा. ज्या विषयाला स्वतःचे नियतकालिक नाही, त्याला वैद्यकशास्त्रात स्वतःची खुर्चीही मिळत नाही. कर्करोगाच्या मोठ्या नियतकालिकांना गाठ किती आक्रसली आणि रुग्ण किती महिने जगला याचे आकडे हवे असत. उलट्या थांबल्या, रात्रीची झोप लागली, मुलाशी बोलता आले, या गोष्टी मोजायच्या कशा, हे आधी ठरवावे लागले. त्यासाठीची एडमंटनची प्रसिद्ध लक्षण-मोजपट्टी १९९१ मध्ये छापली, ती कॅनडाच्या याच नव्या नियतकालिकाने.

कॅनडात नियतकालिक निघाले त्याच वर्षी, १९८५ मध्ये, दिल्लीत अमली पदार्थांविरुद्धचा कायदा झाला. एन.डी.पी.एस. या आद्याक्षरांनी तो सगळ्यांना माहीत आहे. हेतू व्यसनांना आणि तस्करीला आळा घालण्याचा, शिक्षा किमान १० वर्षांची सक्तमजुरी. परिणाम रुग्णालयांच्या औषधभांडारांवर झाला. मॉर्फीन बाळगण्याचा परवाना वेगळा, आणण्याचा वेगळा, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याचा वेगळा. आणि हे सगळे परवाने एकाच वेळी वैध असावे लागत. शेवटचा हातात पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. नोंदवहीतल्या चुकीपायी तुरुंग दिसू लागल्यावर रुग्णालयांनी सोपा मार्ग पत्करला आणि मॉर्फीन ठेवणेच बंद केले. १९८५ मध्ये देशात वैद्यकीय वापरासाठी ७१६ किलो मॉर्फीन लागले होते. १९९७ मध्ये तो आकडा १८ किलोवर आला. घट ९७ टक्के. हे त्या देशात, जिथे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतात, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते आणि ती परदेशांच्या औषध कंपन्यांना विकली जाते. आमच्या अफूपासून तिकडच्या रुग्णांचे मॉर्फीन झाले, आणि इकडचा रुग्ण कण्हत राहिला.

या कायद्याविरुद्ध मोर्चा निघाला नाही. मरणपंथाला लागलेला रुग्ण मोर्चा काढत नाही, आणि त्याच्या पश्चात नातेवाइकांना तो विषयच नको असतो. भांडण लढले गेले ते कागदांवर, आणि त्यातला सर्वांत वजनदार कागद कालिकतहून निघाला.

कालिकतच्या मंडळींना सुरुवातीपासून एक चांगली खोड होती. ती रुग्ण तपासत आणि नोंदीही ठेवत. १९९६ मध्ये ‘पॅलिएटिव्ह मेडिसिन’मध्ये सुरेश कुमार आणि राजगोपाल यांचा लेख आला. पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाचे ४४० रुग्ण पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या तक्रारी काय होत्या, त्याचा तो साधा ताळा. कोणतेही नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. पण भारतातला रुग्ण किती उशिरा आणि कोणत्या अवस्थेत येतो हे त्यात आकड्यांनिशी मांडले होते. १९९९ मध्ये कॅनडाच्या नियतकालिकात त्यांनी कालिकतच्या प्रयोगाची रचना सांगितली. आणि २००१ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये राजगोपाल यांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या जोरानसन आणि गिल्सन यांच्यासह तो लेख लिहिला, ज्याचा हवाला पुढे वारंवार दिला गेला. दोन वर्षांत १७२३ रुग्णांना बाह्यरुग्ण विभागातून मॉर्फीन घरी देण्यात आले होते. ते बाहेर फुटल्याचा किंवा त्याचा गैरवापर झाल्याचा एकही प्रकार आढळला नाही.

सरकारी अधिकाऱ्याची भीती हीच होती ना? ‘तुम्ही गोळ्या द्याल, पोरे त्या विकतील.’ त्याला आतापर्यंत उत्तर होते ते करुणेचे. करुणेवर फाइल हलत नाही. आता उत्तर होते १७२३ या आकड्याचे, आणि खाली ‘लॅन्सेट’चे नाव. १९९८ मध्येच केंद्राच्या महसूल विभागाने सोप्या नियमांचा नमुना राज्यांना पाठवला होता, पण बरीच राज्ये ढिम्म बसली होती. पुढचा पाठपुरावा वर्षानुवर्षे चालला. २००७ मध्ये राजगोपाल आणि जोरानसन यांनी अमेरिकी नियतकालिकात पुन्हा हिशेब मांडला, २००९ मध्ये ‘ह्यूमन राइट्स वॉच’चा अहवाल आला, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फीनसह सहा औषधे ‘अत्यावश्यक’ म्हणून पुढे अधिसूचित झाली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठी अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच खिडकी आली.

इथे एक कडू गोष्ट बोलायला हवी. कालिकतचा तो लेख १९९४ पासून हाताशी असलेल्या आपल्याच नियतकालिकात आला असता, तर दिल्लीत त्याची इतकी दखल घेतली गेली असती का? मला वाटते, नाही. आपल्या नोकरशाहीला घरच्या पुराव्यावरही लंडनचा शिक्का लागतो. मोठ्या लढाया म्हणूनच बाहेरच्या पानांवर लढल्या गेल्या. मग घरच्या नियतकालिकाने काय केले?

त्याने बाहेरच्यांना न सुचणारे प्रश्न विचारले. २००९ च्या एका अंकात बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. संतोष चतुर्वेदी आणि डॉ. प्रभा चंद्र यांनी मॉन्ट्रिअलच्या लुआसेल यांच्यासह नातेवाइकांशी होणाऱ्या संवादावर, आणि रुग्णापासून आजार लपवण्यासाठी डॉक्टर-नातेवाइकांत होणाऱ्या संगनमतावर लिहिले. आपल्याकडच्या कोणत्याही कर्करोग विभागात हे रोज घडते. रुग्ण बाहेर बाकावर. आत थोरला मुलगा किंवा जावई. ‘डॉक्टर, बाबांना काही सांगू नका, ते खचतील.’ बाबांना सगळे ठाऊक असते, आणि मुलगा खचेल म्हणून ते गप्प असतात. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तक सांगते : निर्णय रुग्णाचा, माहितीवर हक्क त्याचा. ते खरेच आहे. पण इथे उपचाराचा खर्च मुलगा करतो, गाडी जावई करतो, रात्रभर उशाशी सून बसते. त्या माणसांना ‘तुमचा संबंध नाही’ असे म्हणून चालत नाही, आणि त्यांच्या हो ला हो म्हणूनही चालत नाही. नातेवाईक नको का म्हणतो, त्याला कशाची भीती आहे, हे आधी त्याच्याकडून ऐकायचे, आणि मग रुग्णाला किती ऐकायचे आहे ते रुग्णालाच विचारायचे. ही रीत शिकवायला भारतीय उदाहरणे हवी होती, आणि त्यांना जागा भारतीय नियतकालिकानेच दिली.

दुसरे उदाहरण जखमांचे. तंबाखू आणि गुटख्यामुळे आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण अफाट. गालाला भोक पडते, जखम चिघळते, घाण वास सुटतो, अळ्या पडतात. वासामुळे रुग्णाला ओटीवर किंवा गोठ्याशेजारी झोपवले जाते, नातवंडांना जवळ जाऊ देत नाहीत. मेट्रोनिडेझोलच्या गोळ्या कुटून ती पूड जखमेवर भुरभुरली की काही दिवसांत वास उतरतो. टर्पेंटाइनचा बोळा जखमेच्या तोंडाशी धरला की अळ्या बाहेर येतात आणि चिमट्याने काढता येतात. खर्च काही रुपये. गृहभेटीला जाणाऱ्या आपल्या परिचारिकांना हे हातचे झाले आहे. महागड्या ड्रेसिंगवर लिहिणाऱ्या परदेशी नियतकालिकांना याची गरजच पडत नाही. असे ज्ञान लिहून ठेवले नाही तर ते बदली झालेल्या परिचारिकेबरोबर निघून जाते.

तिसरे, पैशांचे. २०१७ मध्ये रॅटक्लिफ, थाइल आणि सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या ग्रामीण मिशन रुग्णालयांच्या अनुभवावर या नियतकालिकात एक लेख लिहिला : पॅलिएटिव्ह केअरमुळे गरिबी कमी होते का? बरे होण्याची आशा संपल्यावरही कुटुंब या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे जात राहते, जमीन आणि जनावरे विकते, कर्ज काढते. कोणी वेळेवर आणि स्पष्टपणे बोलले, घरी औषध पोहोचवले, तर ही गळती थांबते. अभ्यास लहान होता, लेखकांनीही त्याला प्राथमिकच म्हटले. पण विदर्भात किंवा मराठवाड्यात काम केलेल्या कोणत्याही डॉक्टरला त्यातले कुटुंब ओळखीचे वाटेल.

आता थोडे कारखान्याविषयी, म्हणजे हे नियतकालिक निघते कसे त्याविषयी. संपादक मानधनावर नसतात, परीक्षकही नसतात. दिवसभर रुग्ण पाहून रात्री दुसऱ्याच्या लेखातली कोष्टके तपासणारी ही माणसे. टाटा स्मारक रुग्णालयात १९९६ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचा विभाग सुरू झाला. त्याच्या प्रमुख डॉ. मेरी अ‍ॅन मकाडेन यांनी नियतकालिकाचे संपादकपद सांभाळले, आणि पुढे दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉ. सुषमा भटनागर यांनी. सुरुवातीला वर्षाला दोनच अंक निघत. नंतर तीन, आणि मग चार झाले.

नियतकालिकाचा खरा विस्तार मात्र इंटरनेटमुळे झाला, आणि त्यात मुंबईचा वाटा आहे. डॉ. डी. के. साहू यांनी १९९७ मध्ये मुंबईत ‘मेडनो’ ही प्रकाशन संस्था काढली. भारतीय वैद्यकीय नियतकालिके संकेतस्थळावर मोफत वाचायला ठेवायची, हे तिचे धोरण. सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयाचे १९५५ पासून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ याच मार्गाने जगभर पोहोचले, आणि २००० नंतरच्या दशकात ‘इंडियन जर्नल ऑफ पॅलिएटिव्ह केअर’ही. मोफत या शब्दाचे मोल पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात बसून कळत नाही. परदेशी नियतकालिकाचा एक लेख विकत घ्यायचा तर हजारो रुपये. आपल्या जिल्हा रुग्णालयातल्या, नेपाळमधल्या, युगांडातल्या डॉक्टरला हे नियतकालिक फुकट उघडता येत होते. २०११ मध्ये ‘मेडनो’ एका बहुराष्ट्रीय प्रकाशनाकडे गेली आणि २०२१ पासून हे नियतकालिक ‘सायंटिफिक स्कॉलर’कडून निघू लागले, पण वाचकाला पैसे पडू द्यायचे नाहीत हे धोरण टिकले. याबद्दल संपादक मंडळांचे आभार मानायला हवेत.

नियतकालिकाने बजावलेली सर्वांत जबाबदारीची कामगिरी माझ्या मते २०१४ मधली. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये निकाल दिला. दयामरणाची याचिका फेटाळली, पण उच्च न्यायालयाच्या संमतीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट उघडली. चर्चा सगळी ‘दयामरण’ या शब्दाभोवती फिरली. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांपुढचा प्रश्न वेगळा होता : उपचाराचा उपयोग नाही हे दिसत असताना नेमके काय करायचे, कोणाशी बोलायचे, केसपेपरवर काय लिहायचे? २०१४ मध्ये असोसिएशनने मरणासन्न रुग्णाच्या सेवेविषयीची एकमताची भूमिका या नियतकालिकात प्रसिद्ध केली. लेखकांत बंगळुरू, मुंबई, पुणे, जयपूर अशा ठिकाणचे डॉक्टर. उपचाराची व्यर्थता ओळखणे, उपचार करणाऱ्यांचे एकमत, कुटुंबाशी प्रामाणिक बोलणे, लेखी नोंद, लक्षणांवर इलाज आणि मृत्यूनंतर कुटुंबाची विचारपूस, असा सगळा क्रम त्यात आहे. त्याच वर्षी अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेबरोबरचे संयुक्त धोरण त्यांच्या नियतकालिकात आले. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि उपचारांविषयीचे आगाऊ इच्छापत्र मान्य केले, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अट घातली. ती व्यवहारात जमेना, तेव्हा अतिदक्षता तज्ज्ञांची संघटना पुन्हा न्यायालयात गेली, आणि जानेवारी २०२३ मध्ये नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा ठरला. वैद्यकीय संघटना न्यायालयात जाते तेव्हा तिच्या हातात छापलेले, तपासलेले धोरण असावे लागते. ते होते.

पॅलिएटिव्ह केअरचा उपयोग कर्करोगतज्ज्ञांना पटवण्याचे काम मात्र बॉस्टनच्या एका लेखाने केले. ऑगस्ट २०१० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्यांचे जगणे अधिक सुसह्य झाले, आणि मध्यक आयुष्य ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने भरले. तेव्हापासून आपल्याकडच्या परिषदांत हा आलेख दाखवल्याशिवाय कोणाचे भाषण पुरे होत नाही. पण २०२१ मध्ये टाटा स्मारकच्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या कर्करोगाच्या १८० रुग्णांवर तसाच प्रयोग करून निकाल छापला, तेव्हा ना जीवनमानात लक्षणीय फरक दिसला, ना आयुष्यात. हा लेख भाषणांत क्वचित दिसतो. दिसायला हवा. आजार वेगळा, रुग्ण वेगळा, आणि मुळातच बरी सेवा मिळत असेल तर फरक कमी दिसणारच, अशी कारणे शोधता येतील. पण न पटणारा निकाल छापणे हीच या सगळ्या उद्योगाची इभ्रत आहे.

कोविडच्या काळात, २०२० मध्ये, नियतकालिकाने खास पुरवणी काढली. दम लागलेल्या रुग्णाला आराम कसा द्यायचा आणि नातेवाईक जवळ येऊ शकत नसताना निरोप कसा द्यायचा, हे प्रश्न तेव्हा एकाएकी सगळ्याच डॉक्टरांचे झाले होते.

उणिवा झाकण्याचे कारण नाही. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना प्रश्नावली वाटायची आणि त्यांना पॅलिएटिव्ह केअरविषयी पुरेसे ज्ञान नाही असा निष्कर्ष काढायचा, या जातीचे लेख फार झाले. ज्ञान नाही हे माहीत होते. ते दिल्यावर काय झाले ते सांगा. पदव्युत्तर पदवीसाठी आणि बढतीसाठी लेख लागतात म्हणून लिहिलेले लेख ओळखू येतात. केरळ आणि मोठी कर्करोग रुग्णालये यांचा ठसा पानोपानी दिसतो. मूत्रपिंड, हृदय, फुप्फुसे निकामी झालेल्यांविषयी, स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांविषयी त्या मानाने कमी वाचायला मिळते. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१७ मध्ये हिशेब केला तेव्हा भारतातल्या रुग्णाच्या वाट्याला गरजेच्या सुमारे ४ टक्केच मॉर्फीन येत होते. कायदा बदलूनही ही गत का, कोणत्या जिल्ह्यात औषध कुठे अडते, हे शोधणारे लेख घरच्या नियतकालिकात अजून पुरेसे आलेले नाहीत. आणि सगळे इंग्रजीत. रात्री उशाशी बसणाऱ्या सुनेपर्यंत यातला एक शब्दही थेट जात नाही.

महाराष्ट्राचा हिशेबही मांडायला हवा. देशातले पहिले हॉस्पिस इथले. या विषयातला एम.डी. अभ्यासक्रम २०१२ मध्ये सुरू झाला तो टाटा स्मारकमध्ये. पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ पासून चालू आहे. असे असूनही नियतकालिकातले महाराष्ट्राचे लिखाण बहुतांशी मुंबई-पुण्याचे आहे. मिरज, नांदेड, चंद्रपूर, रत्नागिरी इथले लेख शोधावे लागतात. तिथे काम होत नाही असे नाही. जिल्हा रुग्णालयांत, मिशन रुग्णालयांत, आशाताईंबरोबर गृहभेटींना जाणाऱ्या परिचारिकांच्या वह्यांत नोंदी आहेत. कोणाला मॉर्फीन किती दिवसांनी मिळाले, कोणती जखम कशाने कोरडी झाली, कोणत्या घराने काय विकले. त्यांनी त्या नोंदी नीट मांडाव्यात. संख्याशास्त्राची किंवा इंग्रजीची अडचण असेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या सहकाऱ्याला सोबत घ्यावे, रुग्णाची ओळख झाकावी, आपल्या संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी घ्यावी आणि लेख संपादकांकडे पाठवावा. नाकारला गेला तर परीक्षकांचे शेरे वाचून दुरुस्त करावा आणि पुन्हा पाठवावा. हे नियतकालिक अशाच लेखांसाठी काढले होते.